टाकीपासून चाळीस पावलं

नवऱ्याची सौदीतल्या अल-खोबरहून या जंक्शनवर बदली झाली तेव्हा मी दोन दिवस त्याच्याशी धड बोलले नव्हते. खोबरमध्ये आमचं छान बस्तान बसलं होतं. खिडकीतून समुद्र दिसायचा, खालच्या मजल्यावर पुण्याचं एक कुटुंब होतं, समोरच्या इमारतीत आमच्याच नाशिकची दोन. दळलेलं भाजणीचं पीठ एकमेकींकडे जायचं. आणि आता हा म्हणत होता की रेल्वेच्या सिग्नलचं काम जिथे वाढलंय तिथे जाऊन राहायचं, तीन वर्षं.

"तिथे आहे काय?" मी विचारलं.

"दोन लाइनी एकत्र येतात," तो म्हणाला. त्याला खरंच वाटत होतं की एवढं उत्तर पुरेसं आहे.

आलो तेव्हा मी पन्नाशी ओलांडलेली. नाशिकला वीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला होता. दोन्ही मुलं पुण्याला शिकायला गेल्यावर स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि नवऱ्याकडे खोबरला आले. गाव म्हणजे एक सरळ रस्ता. एका टोकाला नवं स्टेशन, दुसऱ्या टोकाला जुनं, बंद पडलेलं. मध्ये मशीद, शाळा, बेकरी, इस्त्रीवाला, आणि एक बकाला, म्हणजे आपलं किराणा दुकान, चालवणारा केरळचा. त्याच्याकडे कढीपत्ता मिळतो हे कळलं त्या दिवशी मी पहिल्यांदा या गावाबद्दल काहीतरी बरं बोलले. भारतीय बरेच होते, पण बहुतेक एकटे पुरुष, कॅम्पमध्ये राहणारे. बाईमाणूस म्हणून बोलायला कोणी नव्हतं.

रोज दुपार उतरली की मी जुन्या स्टेशनपर्यंत चालत जायची आणि परत यायची. दुसरा उद्योगच नव्हता. अशीच एकदा निघाले असताना समोरचं आकाश तपकिरी झालं. मला वाटलं, ढग आलेत. मागून एकदम कोणीतरी माझा दंड धरला आणि ओढलं.

"अंदर! अंदर! पागल है क्या?"

एका घराच्या लोखंडी फाटकातून मी आत ढकलली गेले. फाटक लागलं आणि पुढच्याच क्षणी त्याच्यावर वाळू आदळायला लागली, कोणी मुठीमुठीनं तांदूळ फेकावेत तशी. मला ओढणारी बाई ऐंशीच्या पुढची होती, काळ्या पायघोळ अबायात, हातात काठी. त्या हातात केवढा जोर!

"ये रेत है, बारिश नहीं," ती म्हणाली आणि माझ्या तोंडाकडे बघून हसत सुटली. माझ्या भुवया, पापण्या सगळं पिवळं झालं होतं.

वादळ तासभर चाललं. तिनं मला गहवा, म्हणजे इथली वेलची घातलेली कॉफी दिली, खजूर दिले. तिची नात, तिशीतली, स्टेशनवर तिकीट ऑफिसात कामाला, तीही घरी होती. तिला इंग्रजी उत्तम येत होतं. पण आजीला नातीची मदत फारशी लागत नव्हती. रेल्वे कॉलनीत तिच्या शेजारी वर्षानुवर्षं कराचीची, हैदराबादची कुटुंबं राहिली होती. त्यांच्याकडून ती एक अशी हिंदी-उर्दू शिकली होती की तिला व्याकरण नव्हतं पण कळायचं सगळं. मी तिला त्या दिवसापासून 'खाला' म्हणायला लागले. अरबीत मावशीला खालाच म्हणतात आणि उर्दूतही, त्यामुळे आम्हा दोघींनाही ते जवळचं वाटलं.

मग रोजचं ठरून गेलं. असरची, म्हणजे दुपार कलल्यावरची नमाज झाली की मी खालाकडे. मी सवयीप्रमाणे विचारायची, हे गाव कधी वसलं, कोणी वसवलं. मला वाटायचं ती एखाद्या राजाचं नाव सांगेल.

"हे गाव माझ्या झग्यामुळे वसलं," खाला म्हणाली.

तिनं सांगितलं ते असं. ती सात-आठ वर्षांची असताना इथे काहीच नव्हतं, एक मचूळ पाण्याची विहीर सोडली तर. तिचे आईवडील उंट घेऊन थंडीच्या दिवसांत विहिरीपाशी तंबू टाकायचे. एका वर्षी आले तर वाळूत ओळीनं काठ्या रोवलेल्या, प्रत्येक काठीला लाल फडकं. माणूस एक नाही. तिच्या आईनं आयुष्यात इतकं चांगलं कापड फुकट पडलेलं पाहिलं नव्हतं. तिनं दोन दिवसांत सगळी फडकी गोळा केली आणि लेकीला झगा शिवला. आठवड्यानं जीपमधून मोजणीवाले आले. रुळांची रेघ आखून गेले होते, ती रेघच कुठे दिसेना. आणि विहिरीपाशी एक पोरगी लाल झगा घालून बकऱ्या हाकतेय.

"माझा बाप घाबरून गेला. त्याला वाटलं, आता धरून नेतात. पण त्यांचा मोठा साहेब होता ना, गोरा, तो हसायला लागला. इतका हसला की खाली बसला. मग दुभाष्याला म्हणाला, याला सांग, आजपासून हाच आमच्या निशाणांचा राखणदार. इथेच राहायचं, हलायचं नाही." खालानं गहवा ओतला. "गावातला पहिला माणूस माझा बाप. आणि गावातली पहिली चोरी माझा झगा."

मी त्या रात्री नवऱ्याला हे सांगितलं तर तो जेवता जेवता थांबला. "मी इथे वर्षभर रोज रूळ बघतोय," तो म्हणाला, "आणि मला हे कोणी सांगितलं नाही!"

असं एकेक करत मला गावाचा इतिहास कळला. राखणदाराच्या तंबूशेजारी कामगारांचे तंबू आले. रूळ आले, गाडी आली. विहिरीचं पाणी कोणाला पचेना म्हणून गाडीबरोबर पाण्याची टाकी असलेली वाघीण, म्हणजे मालडबा, यायची. ते पाणी चार खांबांवरच्या उंच टाकीत चढवायचे. गाडीची शिट्टी ऐकली की बायका डबे घेऊन धावायच्या, आणि खालाच्या आईचा नंबर पहिला, कारण ती राखणदाराची बायको. मग स्टेशन झालं. एका येमेनी माणसानं भट्टी टाकली. खालाचं लग्न सांधेवाल्याशी झालं, म्हणजे गाडी या रुळावरून त्या रुळावर जावी म्हणून सांधे बदलणाऱ्याशी. तिची सहा बाळंतपणं स्टेशनच्या मागच्या घरात झाली. नंतर मोठा हमरस्ता झाला, लोकांनी मोटारी घेतल्या, गाडी रिकामी धावायला लागली. येमेनी भट्टी बंद करून गेला. एकेक घर उठलं. एक वेळ अशी आली की गावात अकरा माणसं उरली होती आणि त्यातली सात खालाच्या घरची. मग उत्तरेकडे खाणी निघाल्या, तिकडून नवी लाइन येऊन जुन्या लाइनला मिळाली आणि गाव परत भरलं. आम्हीही त्या भरतीतलेच.

शाळेत असताना मी मुलांकडून सनावळ्या पाठ करून घेतल्या. आता समोर एक बाई बसून मला एका गावाचा जन्म सांगत होती, कारण तिनं तो पाहिला होता. हे माझ्या नशिबात होतं याचं मला अजूनही नवल वाटतं.

एके दिवशी ती म्हणाली, "सगळे गेले नाहीत हं. काही इथेच आहेत."

रूळ टाकताना तापाची साथ आली होती. सहा कामगार दगावले. त्यातला एक हिंदी नज्जार, म्हणजे हिंदुस्तानी सुतार होता. रुळांखालच्या लाकडी स्लीपरना भोकं पाडायचा. छोटी खाला चुलीसाठी लाकडाचा भुसा गोळा करायला त्याच्याकडे जायची. तो काम करता करता तिच्याशी बोलायचा, त्यानं तिला आकडे शिकवले. साथीत तो चार दिवसांत गेला. सहाही जणांना तिच्या वडिलांनी पुरलं, डोक्याशी एकेक दगड ठेवला. पुढे वाळू चढली आणि दगड दिसेनासे झाले. वडील मरताना खालाला सांगून गेले, टाकीच्या मावळतीकडच्या खांबापासून चाळीस पावलं. लक्षात ठेव.

"अजून कोणाला माहीत आहे?" मी विचारलं.

"तुला," ती म्हणाली.

पुढच्या शुक्रवारी सुट्टी होती. जेवणं झाल्यावर नवऱ्यानं टेबलावर एक मोठा नकाशा पसरला. खनिजाच्या गाड्या वाढल्या होत्या, त्या उभ्या करायला जुन्या स्टेशनच्या मागे नवी सायडिंग टाकायची होती. तिथे किती सिग्नल लागतील ते तो बघत होता. मी भांडी आवरता आवरता वाकून पाहिलं. जुन्या टाकीचे चार खांब चौकोनानं दाखवले होते. आणि त्यांच्या पश्चिमेकडून लाल रेघ सरळ गेली होती.

"इथे कबरी आहेत," मी म्हणाले.

"कुठे?"

मी बोट ठेवलं. त्यानं मान हलवली. "सर्व्हेत काही नाही."

"सर्व्हेत नसेल. खालाला माहीत आहे."

"अगं, मी सिग्नलचा माणूस. रूळ कुठे टाकायचे हे ठरवणारे वेगळे आहेत. त्यांना काय सांगू? माझ्या बायकोला शेजारच्या आजींनी सांगितलंय?"

"हो. तसंच सांग."

मला त्याची अडचण कळत होती. आपण परक्या देशात, इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, कंपनीच्या हातात. ज्याचं काम नाही त्यात नाक खुपसणारा माणूस कोणालाच नको असतो. पण शनिवारी त्यानं प्रकल्पाच्या सौदी मुख्य इंजिनिअरला ईमेल पाठवली. शब्द मात्र जपून: 'स्थानिक वृद्ध महिलेच्या सांगण्यानुसार.' उत्तर आलं नाही. मी संध्याकाळी खालाला जाऊन सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

रविवारी सकाळी तिच्या नातीचा फोन आला. "तुम्ही येता का? आजी ऐकत नाहीये. मला म्हणते, गाडी काढ, नाहीतर मी चालत जाते."

आम्ही तिघी पोचलो तेव्हा जुन्या स्टेशनमागे बुलडोझर सुरू झाला होता. खाला गाडीतून उतरली आणि काठी टेकत तडक त्याच्या दिशेनं निघाली. चालवणारा पेशावरकडचा होता, वरून ओरडत होता, "अम्मा, हटो! अम्मा!" तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती टाकीच्या खांबापाशी गेली, खांबाला पाठ लावून मावळतीकडे तोंड करून उभी राहिली आणि पावलं टाकायला लागली. मी तिच्या बाजूनं चालत होते, पडली तर सावरायला. ती मोठ्यानं मोजत होती.

"एक. दोन. तीन. चार."

मला आधी काही वाटलंच नाही. कानाला ते इतकं ओळखीचं होतं की खटकलंच नाही. पाच, सहा, सात. आणि मग माझे पाय जागच्या जागी थांबले. ही 'दो' म्हणाली नव्हती. ही 'दोन' म्हणाली होती. अकरा, बारा, तेरा, चौदा. स्वच्छ मराठी आकडे, आमच्या पहिलीच्या वर्गातली मुलं म्हणतात तसे, एका ठेक्यात. तिला वीसपर्यंतच येत होते. वीस झाले तशी ती क्षणभर थांबली आणि परत 'एक'पासून सुरू झाली.

दुसऱ्यांदा वीस झाले. तिनं काठीनं पुढची वाळू दाखवली. "आता पुढे मी जाणार नाही. बायका कबरस्तानात जात नाहीत. त्याला बोलाव."

बुलडोझरवाल्यानं 'कबरस्तान' हा शब्द ऐकला होता. त्यानं इंजिन बंद केलं, खाली उतरला, चपला काढल्या. खाला दाखवत होती तिथे गुडघ्यांवर बसून तो हातांनी वाळू उकरायला लागला. फार खणावं लागलं नाही. कोपरभर खाली एक उभा दगड लागला. मग त्याच्या शेजारी दुसरा. तो तसाच बसून राहिला आणि त्यानं दुवा मागायला हात पुढे धरले.

तोवर मुख्य इंजिनिअर आला, त्याच्यामागून माझा नवरा. मला वाटलं आता बोलणी बसणार. पण तो तरुण इंजिनिअर आधी खालापाशी गेला, वाकून तिच्या डोक्याचं चुंबन घेतलं. इथे वडीलधाऱ्यांना असाच मान देतात. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या नवऱ्याकडे वळून म्हणाला, "ईमेल मी वाचली होती. मला वाटलं, उद्या बघू. माफ करा." आणि कामगारांना हात करून म्हणाला, "खलास. आज इथलं काम बंद."

मी खालाला गाडीत बसवलं.

"खाला, हे आकडे तुला त्या सुतारानं शिकवले?"

"हो. हिंदी आकडे."

"हे हिंदी नाहीत गं. ही माझी भाषा आहे. मी घरात बोलते ती. तो माझ्याकडचा होता, खाला."

ती माझ्याकडे वळून बसली. मग विचारलं, "मग तुला माहीत असेल. पेज कोण?"

"काय?"

"पेज. तापात तो सारखा तेच म्हणायचा. पेज, बाय, पेज. माझी आई म्हणायची, त्याची बायको असेल. किंवा मुलगी. मी आयुष्यभर तिच्यासाठी दुवा मागितलीय. बिचारीला कळलं तरी असेल का, असं वाटायचं."

मी तिचा हात हातात घेतला. नातीनं मागे वळून पाहिलं, काय झालं म्हणून. शेवटी मी सांगितलं. पेज कोणी बाई नाही. आमच्याकडे कोकणात तांदूळ पाण्यात खूप शिजवतात, मऊ करतात, मीठ घालतात. आजारी माणसाला देतात. त्याला भूक लागली होती. तो तिला 'बाय' म्हणत होता, म्हणजे पोरीला लाडानं म्हणतात तसं, आणि पेज मागत होता.

खाला एकदम रडायला लागली, लहान मुलीसारखी. "तांदूळ होते आमच्याकडे," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "मोजणीवाल्यांनी दिलेले तांदूळ होते. पोतं होतं. आई त्याला खजूर द्यायची, उंटिणीचं दूध द्यायची, तो तोंड फिरवायचा. तांदूळ होते गं."

मी काय समजूत घालणार! तिच्या आईनं आपल्याकडचं सगळ्यात चांगलं होतं ते त्याच्यापुढे ठेवलं होतं. परक्या माणसाच्या उशाशी बसून राहिली होती. मी तिला तेवढंच म्हणाले. म्हणाले की तुम्ही त्याला एकटं मरू दिलं नाहीत. त्याच्या घरचं कोणी भेटलंच तर मी त्यांना हे सांगेन.

दुसऱ्या दिवशी मी उकड्या तांदळाची पेज केली. केरळच्या दुकानदाराकडे तसा तांदूळ होता. मीठ आणि वर चमचाभर तूप. खालाकडे घेऊन गेले. तिनं वाडगा दोन्ही हातांत धरला, एक घोट घेतला, आणि म्हणाली, "एवढंच?"

"एवढंच."

तिनं सगळी संपवली. नातीलाही प्यायला लावली.

पुढचं सगळं रीतसर झालं. नगरपालिकेची माणसं आली, एक मौलवी आले. हातानं वाळू काढून सहाही दगड मोकळे केले. सायडिंग पूर्वेकडे सरकवली. नवऱ्याला तीन सिग्नल परत नव्यानं आखावे लागले, आणि त्याबद्दल त्यानं एकदाही कुरकुर केली नाही. कबरींभोवती कमरेएवढी भिंत बांधली. नावं लिहायला नावंच नव्हती, आणि इथे कबरीवर नाव घालायची पद्धतही नाही. बुलडोझरवाला काम संपवून गाव सोडून गेला. जायच्या आधी आमच्या दारात येऊन खालाला सलाम सांगा म्हणाला.

मी त्या सुताराचं घर शोधायचा प्रयत्न केला. माझी एक जुनी सहकारी रत्नागिरीला असते. तिनं खाडीकाठच्या गावांतून विचारून पाहिलं. तिथे जवळजवळ प्रत्येक मोहल्ल्यात कोणाचा तरी आजोबा, पणजोबा जहाजातून गेला आणि परत आला नाही. कोणता आमचा, सांगता येईना. पण तिच्याशी बोललेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी निरोप पाठवला: आमचा असो की नसो, त्या घरच्यांना सांगा, अल्ला तुमचं भलं करो. तो निरोप मी खालाला जसाच्या तसा मराठीत म्हणून दाखवला आणि मग उलगडून सांगितला. तिनं मला तो दोनदा म्हणायला लावला.

तीन वर्षं गेल्या हिवाळ्यात संपली. कंपनीनं नवऱ्याला विचारलं, खोबरला परत जायचं का. त्यानं घरी येऊन मला विचारलं, आणि विचारताना माझ्याकडे न बघता बूट काढत राहिला, कारण त्याला आठवत होतं मी येताना कशी आले होते. मी म्हणाले, अजून दोन वर्षं राहू. तो इतका खूश झाला की एक बूट पायात ठेवूनच चहा टाकायला गेला.

या गावानं मला काय दिलं ते मला नीट सांगता येत नाही. वादळात कोणीतरी माझा हात धरून आत ओढलं, आणि नंतरचं जे काही झालं ते त्यातूनच झालं. आपल्या माणसांपासून इतक्या लांब, आपला एक माणूस इथे कोणीतरी जपून ठेवला होता, त्याची भाषा आकड्यांपुरती का होईना सांभाळली होती. त्याबद्दल आभार कोणाचे मानायचे? मी खालाचे मानते, तिच्या आईवडिलांचे मानते. ती म्हणते, पुरे, आता गहवा पी.

खोबरच्या मैत्रिणी फोनवर अजून विचारतात, अगं, तिथे आहे तरी काय. मी त्यांना म्हणते, एकदा या. सकाळच्या गाडीनं या, उजव्या खिडकीशी बसा, त्या बाजूला ऊन नसतं. स्टेशनवर घ्यायला मी येईन. खालाच्या नातीनं मला गाडी चालवायला शिकवली आहे.